माप घेणाऱ्यांचा नवा धंदा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेच्या अखेरीस जी वधूवरसूची छापण्यात येते, तिचे जुने अंक गेल्या पावसाळ्यात मी माळ्यावरून काढून चाळले. पूर्वी 'व्यवसाय' या रकान्यात शिक्षक, तलाठी, बँकेत लिपिक, एस. टी. त वाहक, स्वतःचे शिलाईचे दुकान अशा नोंदी आढळत. अलीकडच्या अंकांत मात्र पानामागून पान 'सॉफ्टवेअर इंजिनियर, पुणे', 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर, हिंजवडी', 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर, अमेरिका' याच शब्दांनी भरलेले दिसते. ज्या धंद्यावर आज आपल्या ज्ञातीतील इतक्या घरांची चूल पेटते, त्या धंद्याचा इतिहास काय, तो कोठून आला, त्यात नेमके काम काय करावयाचे असते, हे आपल्यापैकी किती वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे? प्रस्तुत लेखकास तरी परवा-परवापर्यंत ठाऊक नव्हते. स्वतःच्या घरात मुलगा त्या व्यवसायात दहा वर्षे असूनही ठाऊक नव्हते, ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

मी मॅट्रिक होऊन व अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत अडतीस वर्षे शिकविले. संगणकाचे शास्त्र मला अवगत नाही. तथापि इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. म्हणून चिरंजीवांस विचारून आणि मिळाले ते वाचून जे हाती लागले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. लेखाच्या शेवटी एक खाजगी गोष्टही सांगावयाची आहे. तिचा संबंध याच सूचीशी आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. संगणक हे यंत्र. त्याने काय करावे हे सांगणारी आज्ञांची मालिका म्हणजे सॉफ्टवेअर. या अर्थाने हा शब्द छापून आला तो १९५८ साली, जॉन ट्यूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाच्या लेखात. 'सॉफ्टवेअर इंजिनियरिंग' ही संज्ञा रूढ झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी भरलेल्या परिषदेपासून. ती परिषद भरविण्याचे कारण मोठे बोलके आहे. आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि तयार झालेल्या आज्ञावलीत चुका निघतात, अशी सर्वत्र ओरड होती. पूल किंवा धरण बांधणाऱ्या अभियंत्याची शिस्त या कामास लावता येईल काय, हा तेथील प्रश्न होता. म्हणजे आपल्या मुलांच्या पदनामातील 'इंजिनियर' हा शब्द एका तक्रारीच्या पोटी जन्मास आला! शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करविला व दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तसा कोणी कोशकार या धंद्यास लाभला नाही. 'आज्ञावली' हा गोड शब्द पुस्तकात आहे, घरात कोणी उच्चारीत नाही. असो.

आता सेवा-पेढी म्हणजे काय ते पाहू. येथे मला आपल्या परंपरागत धंद्याचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो घेताना संकोचही वाटत नाही. माझ्या वडिलांचे बार्शीस शिलाईचे दुकान होते. तयार कपड्यांचे दुकान आणि आमचे दुकान यांत जो भेद, तोच भेद या धंद्यातील दोन प्रकारच्या कंपन्यांत आहे. काही कंपन्या तयार माल करतात. एकदा आज्ञावली लिहावयाची आणि तीच लाखो लोकांस विकावयाची. दुसरा प्रकार सेवा-पेढ्यांचा. बँक, विमा कंपनी, इस्पितळ, विमान कंपनी असे ग्राहक येतात. त्या प्रत्येकाचे अंग निराळे. तेव्हा माप घेऊन, बेत करून, टाचून, अंगावर घालून पाहून मग पक्की टीप मारावयाची. माल ग्राहकाचा, कसब पेढीचे. पुढे ग्राहक लठ्ठ झाला म्हणजे शिवण उसवून कापड सोडावयाचे, आणि कोठे फाटले तर ठिगळ लावावयाचे. चिरंजीवांनी मला सांगितले की इंग्रजीत त्या दुरुस्तीस 'पॅच' म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळच.

मजुरीचे प्रकारही आपल्या ओळखीचे आहेत. एक उक्ते काम, म्हणजे अमुक काम अमुक रकमेत. दुसरे रोजंदारीचे. मात्र रोज येथे तासांनी मोजला जातो. प्रत्येक अभियंत्याने दिवसातील कोणता तास कोणत्या ग्राहकाच्या कामी खर्चिला, याची नोंद 'टाइमशीट' नावाच्या तक्त्यात करावयाची. ही रीत वकील व हिशेबतपासनीस यांच्या पेढ्यांतून येथे आली. ज्याचे तास ग्राहकाच्या बिलात चढतात तो कमावता. ज्याचे चढत नाहीत तो 'बेंच'वर बसला असे म्हणतात. हा बेंच आमच्या शाळेतल्या बाकासारखा नव्हे; त्याविषयी पुढे सांगेन.

राहिला 'सीनियर' हा शब्द. आमच्या खात्यात ज्येष्ठता यादीत नाव वर सरकावयास केस पांढरे व्हावे लागत. येथे तीन-चार-पाच वर्षांच्या नोकरीनंतर पंचविशी-सत्ताविशीचा मुलगा 'ज्येष्ठ' होतो. हे ऐकून मला प्रथम हसू आले. परंतु त्याचा दिनक्रम ऐकल्यावर हसू मावळले. ग्राहकाचे म्हणणे ऐकून त्यातले खरे काम वेगळे काढणे, किती दिवस लागतील याचा अंदाज देणे, अवघड भाग स्वतः लिहिणे, कनिष्ठ मुलांनी लिहिलेले ओळ न् ओळ तपासून परत देणे, आणि मध्यरात्री ग्राहकाचे यंत्र अडले तर उठून बसणे. वह्या तपासण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे. ते रात्री दोन वाजता, समोर परदेशी ग्राहक बोलत असताना, करावयाचे असते तर मला साधले असते असे वाटत नाही.

या धंद्याचे मूळ पाहू गेल्यास ते लंडनच्या चहाच्या दुकानांत सापडते, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली. जे. लायन्स आणि कंपनी ही चहागृहे व बेकऱ्या चालविणारी पेढी. तिने स्वतःच्या हिशेबासाठी 'लिओ' नावाचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरापासून बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे काम त्यावर नियमित सुरू केले. तोवर संगणक तोफांचे गणित व शास्त्रज्ञांची समीकरणे यांसाठी वापरीत. पाव-बिस्किटांच्या हिशेबासाठी तो नित्य राबविला गेला तो येथे.

परंतु दुसऱ्यासाठी हे काम करून देणाऱ्या सेवा-पेढीचा आरंभ अमेरिकेतला. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराजवळ जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा घरगुती उपकरणांचा प्रचंड कारखाना होता. तेथील कामगारांचे पगारपत्रक 'युनिव्हॅक' संगणकावर करावे, असा सल्ला आर्थर अँडरसन या हिशेबतपासनिसांच्या पेढीने दिला व ते काम १९५४ साली पार पाडले. या पेढीतील जोसेफ ग्लिकॉफ या गृहस्थाने आधी दिवे लुकलुकणारे एक लहानसे यंत्र स्वतः तयार करून आपल्या भागीदारांस दाखविले होते, आणि ते पाहून भागीदारांनी या नव्या क्षेत्रात उतरण्यास मान्यता दिली, अशी हकीकत आहे. जमाखर्च तपासणारे लोक जमाखर्चाचे यंत्र बसवू लागले. पुढे हीच शाखा इतकी वाढली की १९८९ मध्ये ती 'अँडरसन कन्सल्टिंग' म्हणून निराळी झाली व २००१ च्या १ जानेवारीपासून 'अ‍ॅक्सेंचर' हे नाव धारण करती झाली. मूळ पेढी मात्र एन्रॉन कंपनीच्या हिशेबांच्या प्रकरणात सापडून २००२ साली लयास गेली. हे तेच एन्रॉन, ज्याचे नाव दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्रास चांगलेच ठाऊक आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. संगणक भारतात आला तो कलकत्त्यास, प्रा. महालनोबीस यांच्या सांख्यिकी संस्थेत, १९५५ साली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. ही झाली शास्त्रज्ञांची गोष्ट. धंदा म्हणून पाहता १ एप्रिल १९६८ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी मुंबईत टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. पुढल्याच वर्षी तिची सूत्रे फकिरचंद कोहली यांच्याकडे आली. हे पेशावरास जन्मलेले, विजेच्या कंपनीत काम करणारे अभियंते. या नव्या कामास ते प्रथम फारसे राजी नव्हते म्हणतात. पण पुढे त्यांनाच या उद्योगाचे जनक म्हणू लागले. २०२० च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. आरंभी पेढीस कामे मिळत ती देशातलीच, म्हणजे पोलाद कारखान्याची पत्रके, बँकेच्या शाखा-शाखांतील हिशेबांचा मेळ इत्यादी. मग १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज या संगणक-कंपनीसाठी आज्ञावली लिहिण्याचे काम मिळाले आणि परदेशी ग्राहकासाठी येथे बसून शिवून देण्याचा धंदा मार्गी लागला. तत्पूर्वी १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीस निर्यातीसाठी 'सीप्झ' हे क्षेत्र स्थापन झाले होते, त्याचाही उपयोग झाला.

याच काळातील एक प्रयोग मला फार आवडला, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. नरेंद्र पटनी व त्यांच्या पत्नी पूनम हे दांपत्य १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील केंब्रिज येथे राहत होते. छापील मजकूर संगणकास वाचता येईल अशा रूपात आणण्यास अमेरिकेत खर्च फार. तेव्हा कागद भारतात पाठवावेत, तेथे ते टंकून घ्यावेत आणि परत आणावेत, अशी त्यांची कल्पना. पण हजारो कोसांवरील टंकलेखकास, जो कधी भेटणार नाही, ज्याला प्रश्न विचारता येणार नाही, त्याला काम समजावे कसे? पटनींनी आपल्या घरातच परीक्षा घेतली. एका खोलीचे नाव ठेवले अमेरिका, दुसरीचे भारत. दोन खोल्यांतील माणसांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही. जे सांगावयाचे ते फक्त लेखी. लेखी सूचनांवर काम अचूक होते असे दिसल्यावरच त्यांनी धंद्यास हात घातला. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला यात या साऱ्या उद्योगाची गुरुकिल्ली दिसते. टेलिफोन लागत नसे, तार महाग, अशा काळी इतके निःसंदिग्ध लिहावयाचे की वाचणाऱ्याने दुसरे काही करूच नये. आज चिरंजीव ज्याला 'स्पेसिफिकेशन' म्हणतात व ज्यावर रात्रंदिवस वाद घालतात, ते याच दोन खोल्यांमधल्या चिठ्ठीचे वंशज होय.

१९७८ साली मोठा फेरबदल झाला. परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी आपला भांडवली हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा सरकारचा आग्रह होता. आय. बी. एम. कंपनीने तो मानला नाही व ती भारत सोडून गेली. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीने केली. देशाचे यात नुकसान झाले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या अल्पमतीस असे वाटते की एकाच घरच्या कात्रीची सवय सुटल्यामुळे आपल्या मुलांस दहा घरच्या कात्र्या चालविता येऊ लागल्या, हाही एक लाभ होता.

आता जो भाग येतो त्याचा मी स्वतः साक्षीदार आहे, आणि निव्वळ साक्षीदार नव्हे. संगणकास या देशात कामगारांचा कडवा विरोध होता. १९६० च्या दशकात कलकत्त्यास आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून कचेरीच्या इमारतीवर पहारा ठेवला होता. स्वयंचलनाचा रोजगारावर काय परिणाम होईल, याचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले साताऱ्याचे, पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर होते, व तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांमध्ये १९८३ च्या सप्टेंबरात संघटनांशी करार होऊन मर्यादित यंत्रांस वाट मिळाली. पुढे शाखांतून जी यंत्रे आली त्यांस 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणत. नावात संगणकाचा उच्चार नव्हता. माझे थोरले बंधू बँकेत लिपिक होते. १९८५ साली सोलापुरास निघालेल्या एका मोर्चात त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो. बँकेशी माझा संबंध नव्हता. तरी 'संगणक हटाव, रोजगार बचाव' असे लिहिलेल्या कापडी फलकाची एक काठी माझ्या हाती होती, आणि तो फलक आमच्याच दुकानात शिवलेला होता. त्या काळी आमचे दुकान तयार कपड्यांच्या माऱ्यापुढे डबघाईस आले होते. यंत्राने माणसाचा हात रिकामा होतो, हे मला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती. तीन वर्षांनी वडिलांनी दुकान बंद केले.

त्याच सुमारास, आमच्या नकळत, पुण्यात निराळेच घडत होते. पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. नारायण मूर्ती यांच्या पत्नी सुधाबाई यांनी आपल्या शिलकीतून दिलेले दहा हजार रुपये हे आरंभीचे भांडवल, ही कथा आता सर्वश्रुत आहे. संगणकाचा धंदा, आणि घरात संगणक नाही! आयातीचा परवाना व टेलिफोन मिळविण्यातच वर्षे गेली, असे त्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. १९८३ साली ही कंपनी बंगळुरास गेली. ती पुण्यातच राहती तर, असा विचार मनात येतो. पण इतिहासात 'तर' ला स्थान नाही.

१९८४ च्या नव्या संगणक धोरणाने व १९८६ च्या सॉफ्टवेअर धोरणाने वाटा मोकळ्या झाल्या. १९८८ मध्ये पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा महासंगणक सिद्ध झाला. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पुण्यात पर्सिस्टंट कंपनी काढली. सरकारी सॉफ्टवेअर पार्कांपैकी अगदी प्रारंभीच्या तीन ठिकाणांत पुणे होते. पुढे हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या माळावर ज्वारी डोलत असे तेथे आता संध्याकाळी सहा वाजता मोटारींची रांग हलत नाही, हे चिरंजीवांच्या खोलीवर राहून मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या धंद्याचा खरा सुगीचा काळ आला तो मात्र एका चुकीच्या कृपेने. पूर्वी संगणकातील जागा फार महाग असल्यामुळे वर्ष लिहिताना शतक गाळून दोनच आकडे लिहीत. १९७५ ऐवजी नुसते ७५. आता २००० साल उजाडले म्हणजे दोन आकडे होणार ००. समजा, एका शिक्षकाचा जन्म ४२ साली झाला. १९९९ साली यंत्र ९९ मधून ४२ वजा करून वय सत्तावन्न काढील. पण पुढल्या वर्षी ० मधून ४२ वजा करून उणे बेचाळीस! त्याला निवृत्तिवेतन मिळावे की नाही, यंत्र काय ठरविणार? पेन्शन, विमा, कर्जाचे व्याज, सारे या दोन आकड्यांवर टांगलेले. ह्या आज्ञावल्या बहुतांशी 'कोबोल' नामक भाषेत, कित्येक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, लिहिणारे निवृत्त झालेले. लाखो ओळी वाचून तारखा शोधावयाच्या व दुरुस्त करावयाच्या. परक्याने घातलेले टाके उसवून पुन्हा घालण्याचे हे कंटाळवाणे काम करण्यास भारतीय पेढ्या पुढे आल्या. काम बिनबोभाट पार पडले, म्हणून १ जानेवारी २००० रोजी फारसे काही घडले नाही. आणि काही घडले नाही म्हणून 'उगाच बाऊ केला' असेही लोक म्हणाले. चांगल्या रफूचे नशीब असेच असते.

त्या निमित्ताने मोठमोठ्या परदेशी ग्राहकांची घरे आपल्या पेढ्यांस उघडी झाली. अमेरिकेत 'एच-वन-बी' परवान्याची वार्षिक मर्यादा पासष्ट हजारांची होती. ती २००१ ते २००३ या तीन वर्षांपुरती एक लाख पंचाण्णव हजार केली गेली, यावरून मागणीची कल्पना यावी. त्यानंतर २००१ ची मंदी, २००८ ची मंदी, २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून चाललेल्या कचेऱ्या, हे सारे वाचकांच्या आठवणीतलेच आहे. त्यावर शाई खर्चीत नाही.

आता ती खाजगी गोष्ट. आमचे चिरंजीव २०१४ साली पदवी घेऊन पुण्यातील एका सेवा-पेढीत लागले. २०१८ मध्ये 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर' झाले. त्या दिवशी मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांस पेढे वाटले. परदेशी विमा कंपनीच्या कामावर ते पाच वर्षे होते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या ग्राहकाने काम आवरते घेतले आणि ते बेंचवर आले. पगार चालू, काम नाही. रोज सकाळी कचेरीत जाऊन इतर कामांसाठी मुलाखती द्यावयाच्या. काही आठवड्यांनी त्यांस एका खोलीत बोलावून स्वतः राजीनामा देण्यास सांगण्यात आले. ऑक्टोबरात ते घरी आले. त्यांच्या कामात खोट काढली गेली नव्हती. तास बिलात चढत नव्हते, इतकेच.

हे मी कोणास सांगू दिले नाही. सौ. ला बजावले, मुलीला बजावले. पुढे जानेवारीत मंडळाचा वधूवरसूचीचा अर्ज आला. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, यंदा माझे नाव देऊ नका." मी म्हटले, "अरे, स्मरणिका छापून येईतो तुला दुसरे काम लागलेले असेल." आणि 'व्यवसाय' या रकान्यात 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर, पुणे' असे माझ्या हाताने लिहून दिले. ज्या हाताने अडतीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिकांत खोटे उत्तर खोडले, त्याच हाताने.

ती नोंद वाचून आपल्याच ज्ञातीतील एका सुशील कुटुंबाने विचारणा केली. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, दोन्ही घरी आनंद होता. चिरंजीवांनी मला न विचारता मुलीच्या वडिलांस दूरध्वनी करून खरी स्थिती सांगितली. त्यांनी चार दिवसांनी नम्रपणे नकार कळविला. तो त्यांचा अधिकार होता. मी मात्र त्या रात्री चिरंजीवांवर संतापलो. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, मी तिकडे काय करत होतो ठाऊक आहे का? विम्याचे दावे तपासायला जी माणसे लागतात ती कमी लागावीत, असे सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. आता आमचेही काही काम यंत्र लिहू लागले आहे. तुम्ही आणि मोठे काका मोर्चात होतात ना? तेव्हा तुम्ही सगळे जगाला सांगत होतात. मग आता का लपवता?"

याचे उत्तर मजजवळ नव्हते, आजही नाही. त्यानंतरच मी हा इतिहास वाचावयास घेतला. पुढे २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ती बातमी मी चिरंजीवांच्या शेजारी बसून वाचली, आणि त्यातली कोणती माणसे म्हणजे काय, हे मला विचारावे लागले नाही.

ज्या कुटुंबाची माझ्या नोंदीमुळे दिशाभूल झाली त्यांची मी समक्ष भेट घेऊन क्षमा मागितली आहे. येथे सर्व ज्ञातिबांधवांसमक्ष पुन्हा मागतो. सूचीतील आमची नोंद यंदा पुढीलप्रमाणे छापावी, असे मी संपादकांस लेखी कळविले आहे:

जन्म १९९२. शिक्षण बी. ई. (संगणक). व्यवसाय : सॉफ्टवेअर इंजिनियर, पुणे येथील एका लहान पेढीत, जून २०२४ पासून, वेतन पूर्वीच्या दोन-तृतीयांश. ऑक्टोबर २०२३ ते मे २०२४ या काळात काम नव्हते.